विशेष शिक्षक गेल्यावर वर्गात काय उरते?

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे साधन महाग असण्यापेक्षा रोज हाताशी असणे महत्त्वाचे

सिन्नर, प्रतिनिधी - सिन्नर तालुक्याचा नकाशा समोर ठेवला, की विशेष शिक्षकाच्या कामाचे स्वरूप ध्यानात येते. पुण्याच्या रस्त्यावर नांदूरशिंगोटे, शिर्डीच्या रस्त्यावर वावी आणि पाथरे, घोटीच्या रस्त्याला पांढुर्ली, डोंगराच्या कुशीत ठाणगाव. चारी दिशांना पसरलेल्या या गावांतील शाळांत कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे, बोलता न येणारे किंवा अक्षरे वाचताना अडखळणारे एखादे तरी मूल असते. त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र विशेष शिक्षक असणे शक्य नाही. तो फिरतीवर येतो, तास-दोन तास मुलासोबत बसतो, वर्गशिक्षकांशी बोलतो आणि पुढच्या शाळेकडे निघतो. मूल मात्र आठवडाभर त्याच वर्गात बसलेले असते.

म्हणूनच विशेष शिक्षणाच्या साधनांचा विचार करताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. शिक्षक निघून गेल्यावर मुलाच्या हाती काय उरते? साधन कितीही आधुनिक असले आणि ते कपाटात कुलूपबंद राहिले, तर त्याचा उपयोग शून्य. याउलट पुठ्ठ्याची एक पट्टी मुलाला रोज वाचायला मदत करीत असेल, तर तेच त्याच्यासाठी उत्तम तंत्रज्ञान होय.

विशेष शाळेतून साध्या वर्गाकडे

महाराष्ट्रात विशेष शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कर्णबधिर मुलांसाठीची देशातील पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास सुरू झाली. बौद्धिक अक्षम मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा उभी राहिली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. मात्र या शाळा प्रामुख्याने शहरांत राहिल्या. खेड्यातील मुलाला वसतिगृहात जाणे किंवा घरी बसणे, असे दोनच मार्ग असत.

हे चित्र कायद्याने बदलले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यात स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बहुविकलांगता यांचाही समावेश झाला. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या कायद्याने दिला. ज्या मुलांचा पूर्वी शाळेशी संबंधही येत नसे, ती आता गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेल्या निकालात प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. तथापि, एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. पदे भरली गेली, तरी प्रत्येक शाळेत रोज विशेष शिक्षक असेल, असा याचा अर्थ नाही. मधले दिवस वर्गशिक्षक, पालक आणि साधने यांच्यावरच निभवायचे असतात.

पहिले साधन : वही

कोणतेही साहित्य हाती घेण्यापूर्वी मूल नेमके कोठे अडते, हे टिपावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये 'प्रशस्त' ही तपासणी सूची आणि तिचे मोबाइल ॲप उपलब्ध केले. मूल फळ्यावरचे पाहण्यासाठी पुढे झुकते का, हाक मारल्यावर वळते का, अशा निरीक्षणांची नोंद त्यात होते. हे निदान नव्हे. पुढील तपासणीसाठी मुलाला पाठवावे की नाही, एवढाच निर्णय त्यावरून घ्यायचा असतो.

त्यानंतर येतो वैयक्तिक शिक्षण आराखडा. 'मुलाला पैशांचा व्यवहार समजेल' हे उद्दिष्ट ऐकायला चांगले वाटते, पण ते साध्य झाले की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. 'दहा, वीस आणि पन्नास रुपयांच्या नोटा पाचपैकी चार वेळा अचूक ओळखेल' हे उद्दिष्ट मोजता येते. वर्गशिक्षकाने रोज एक खूण केली, तरी पुढच्या भेटीत विशेष शिक्षकाला प्रगती कळते. मुलाचे काय चालले आहे, हे दोन शिक्षकांमध्ये सांगणारी ही वहीच सगळ्या साधनांच्या मुळाशी असते.

दृष्टी : सहा टिंबे आणि एक जाड रेघ

दृष्टिहीन मुलासाठी ब्रेल पाटी आणि टोचणी ही आजही सर्वांत स्वस्त व टिकाऊ साधने आहेत. तिला वीज लागत नाही. टोचलेले टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उमटते, म्हणून पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे असते. सहा टिंबांच्या मांडणीतून ६३ खुणा तयार होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाले आणि मराठीही त्यातच लिहिली जाते.

वर्गशिक्षकाला ब्रेल येत नसले, तरी एक गोष्ट माहीत असावी. छापील मराठीत 'किरण' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि 'क' नंतर. ब्रेलमध्ये 'क', मग 'इ', असा उच्चाराचा क्रम असतो. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते. त्यामुळे ब्रेल वाचणारे मूल शुद्धलेखनाच्या चाचणीत वेलांटीची जागा चुकवते, तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो. त्याच्या बोटांनी ती जागा कधी पाहिलेलीच नसते.

गणितासाठी टेलर पाटी वापरतात. तिच्यात आठ कोनांची भोके असतात आणि त्यांत बसणारे खिळे आठ दिशांनी फिरवता येतात. खिळ्याच्या दोन्ही टोकांवरील खुणा वेगळ्या असल्याने सोळा चिन्हे मिळतात. मण्यांची अबॅकस पाटी तोंडी हिशेबाला वेग देते.

आकृत्यांसाठी फार खर्च लागत नाही. लोकरीचा दोरा, वाळू, डिंक आणि पुठ्ठा पुरतो. सिन्नरच्या मुलांची सहल गोंदेश्वराला गेली, तर डोळस मुले यादवकालीन मंदिर पाहून येतात. दृष्टिहीन मुलाच्या हाती दगडाचा एखादा कोपरा लागतो. सहलीच्या आदल्या दिवशी मधले मोठे मंदिर आणि चार कोपऱ्यांवरची चार छोटी मंदिरे मातीत करून त्याला चाचपायला दिली, तर 'पंचायतन' हा शब्द त्याला हाताने कळतो. मग प्रत्यक्ष आवारात चालताना आपण कोणत्या कोपऱ्यात आहोत, हेही तो सांगू शकतो.

क्षीणदृष्टी असलेल्या मुलाचा प्रश्न वेगळा. त्याला ब्रेलची घाई करण्याऐवजी उरलेली दृष्टी वापरू देणे महत्त्वाचे असते. जाड रेघांची वही, काळे ठळक पेन, पुस्तक डोळ्यांजवळ आणणारा तिरका स्टँड, खिडकीकडे पाठ किंवा बाजू येईल अशी बैठक आणि नीट पुसलेला काळाभोर फळा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. फळ्यावर लिहिताना शिक्षकाने शब्द मोठ्याने उच्चारण्याची सवय लावली, तर तिचा खर्च काहीच नाही.

मोठ्या मुलांसाठी मोबाइल आणि संगणक उपयोगी पडतात. अँड्रॉइड फोनमधील 'टॉकबॅक' ही सोय पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हा पडदा-वाचक विनामूल्य मिळतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात दृष्टिहीनांना वाचता येतील, अशा स्वरूपातील पुस्तके मिळतात. शिक्षकाने एवढेच लक्षात ठेवावे, की पानाचे नुसते छायाचित्र पडदा-वाचकाला वाचता येत नाही. प्रश्नपत्रिका किंवा टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित करून दिली, तरच ती बोलतात. ब्रेल साहित्य आणि मार्गदर्शनासाठी सिन्नरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, नाशिकच्या सातपूरमध्ये, 'नॅब महाराष्ट्र'चे कार्यालय आहे.

श्रवण : सकाळची एक मिनिटाची चाचणी

श्रवणयंत्र कानाला लावले म्हणजे मुलाला ऐकू येते, हा मोठा गैरसमज आहे. बॅटरी उतरलेली असते, साचा मेणाने बुजलेला असतो किंवा वाढत्या वयात कान मोठा झाल्याने साचा सैल होऊन यंत्र शिट्टी वाजवत असते. मूल तक्रार करीत नाही, कारण चांगले ऐकू येणे म्हणजे काय, याची त्याला कल्पना नसते. त्या दिवशीचा संपूर्ण पाठ वाया जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे सहा ध्वनींची चाचणी. कॅनडात काम केलेले श्रवण-शिक्षणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श' आणि 'स' हे ध्वनी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतच्या बोलण्याचे प्रतिनिधित्व करतात. परिपाठापूर्वी शिक्षकाने मुलाच्या मागे उभे राहून ते क्रम बदलून, मध्ये कमी-जास्त थांबून उच्चारायचे. ऐकू आला, की मुलाने डब्यात एक चिंचोका टाकायचा. काल सहाही ऐकू येत होते आणि आज 'स' व 'श' ऐकू आले नाहीत, तर यंत्र तपासायला हवे, हे लगेच कळते. या चाचणीला एक मिनिट लागते आणि पैसे लागत नाहीत.

दुसरा शत्रू अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने खाली येते, पण वर्गातला गोंगाट तेवढाच राहतो. त्यात पत्र्यावरचा पाऊस आणि महामार्गावरची वाहतूक यांची भर पडते. शिक्षकाच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या यंत्राला ग्राहक जोडणारी एफएम यंत्रणा हे अंतर जणू पुसून टाकते. ती नसेल, तर मुलाला पहिल्या रांगेत, शिक्षकाचा चेहरा उजेडात दिसेल असे बसवणे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणे हाच तिचा पर्याय. यंत्र रात्री ओलसरपणा शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट डबीत ठेवावे, हे पालकांना सांगायला विसरू नये.

ज्या मुलांना यंत्राचाही उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी खाणाखुणांची भाषा हीच पहिली भाषा ठरते. भारतीय सांकेतिक भाषेचा तीन हजार शब्दांचा कोश २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२१ पर्यंत ही संख्या दहा हजारांवर गेली. डिसेंबर २०२४ मध्ये या भाषेसाठी 'पीएम ई-विद्या'ची ३१ क्रमांकाची वाहिनीही सुरू झाली. मात्र खुणा फक्त त्या एका मुलाला येऊन भागत नाही. वर्गातील सर्व मुलांनी रोज पाच खुणा शिकल्या, तर मधल्या सुटीत त्याला बोलायला कोणीतरी असते.

बोलता न येणाऱ्या मुलाचे 'हवे' आणि 'नको'

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षम मुलाचे रडणे, ओरडणे, वर्गाबाहेर पळणे याला हट्ट समजण्याची घाई होते. पुष्कळदा ते न जमलेले बोलणे असते. चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केली. हवी ती वस्तू दाखवण्यासाठी चित्राकडे नुसते बोट करणे येथे पुरेसे नसते. मुलाने चित्र उचलून दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचे असते. संवादाला दुसरा माणूस लागतो, ही जाणीव त्यातून येते. सुरुवातीला दोन मोठी माणसे लागतात. एक समोर बसून चित्र घेते, दुसरे मागून न बोलता मुलाचा हात पुढे नेते. शाळेत दुसरे माणूस म्हणून आई किंवा आजी बसली, तर तीच पद्धत घरीही पोहोचते.

मोबाइलवर हेच काम करणारे 'जेलो' हे ॲप मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने तयार केले आहे. ते विनामूल्य असून मराठीतही बोलते. खाणे, खेळ, माणसे, जागा अशा चित्रगटांच्या बाजूला 'आवडते', 'आवडत नाही', 'होय', 'नाही', 'अजून' आणि 'कमी' अशा अर्थाची सहा बटणे आहेत. चित्र आणि बटण दाबले, की फोन वाक्य बोलतो. बोलण्याची सवय मोडेल, अशी भीती पालकांना वाटते. ती निराधार आहे. आपले म्हणणे पोहोचते, हे कळल्यावर मुलाची संवादाची इच्छा वाढते, असाच विशेष शिक्षणातील अनुभव आहे. मात्र फोन वडिलांसोबत कामाच्या पाळीला जातो आणि त्याची बॅटरीही संपते. त्यामुळे हीच चित्रे कागदावर छापून, कडीत ओवून मुलाच्या दप्तराला अडकवलेली असावीत.

दिवसाचे चित्र-वेळापत्रक हे दुसरे प्रभावी साधन. परिपाठ, भाषा, जेवण, खेळ, घर अशी चित्रे पट्टीवर क्रमाने लावायची. एक काम झाले, की मुलाने ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचे. आता काय आणि पुढे काय, हे दिसत राहिल्याने अस्वस्थता कमी होते. गावची यात्रा किंवा अचानक सुटी यांसाठी 'बदल' असे एक वेगळ्या रंगाचे कार्ड आधीपासून ओळखीचे करून ठेवावे. घंटेच्या किंवा गोंगाटाच्या आवाजाने कान झाकून घेणाऱ्या मुलाला, माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत कामगार वापरतात तसे कानावरचे आवरण थोडा वेळ देता येते. ते दिवसभर मात्र घालू देऊ नये.

रोजची कामे शिकवताना त्यांचे तुकडे करावे लागतात. हात धुणे म्हणजे नळ उघडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे आणि पुसणे. मागून पुढे शिकवण्याच्या पद्धतीत पहिल्या सहा पायऱ्यांना शिक्षक मदत करतो आणि शेवटची, म्हणजे हात पुसण्याची पायरी मूल स्वतः करते. काम 'मी पूर्ण केले' हा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. नंतर एकेक पायरी मागून सुटी करीत जायची.

मोजणी, वर्गीकरण यांसाठी खरी वस्तू चित्रापेक्षा सरस ठरते. कांदे लहान-मोठे निवडणे, टोमॅटोच्या जाळ्या मोजणे, आठवडे बाजारात वीस रुपये देऊन सुटे परत घेणे हे सिन्नरच्या मुलाचे खरे गणित आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेने तयार केलेले शैक्षणिक साहित्याचे संच केंद्राच्या योजनेतून मिळतात. राज्यातील विशेष शाळांसाठी जय वकील संस्था आणि शासन यांच्या 'दिशा अभियाना'तून समान अभ्यासक्रमही तयार झाला आहे. या साहित्याला घरच्या वस्तूंची जोड मिळाली, तर शिकलेले टिकते.

वाचताना अडखळणारे मूल

'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु मराठी वाचणाऱ्या मुलाच्या अडचणी इंग्रजीपेक्षा निराळ्या असतात. देवनागरीत स्वरचिन्हे अक्षराच्या चारही बाजूंना लागतात. वेलांटी डावीकडे, काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली. 'र' तर 'प्र', 'ट्र', 'अर्क' आणि 'वाऱ्या' अशा चार वेषांत येतो. 'घ-ध', 'म-भ', 'प-ष', 'थ-य', 'ब-व' या जोड्यांत एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा फरक असतो.

यासाठी तीन साधी साधने पुरतात. पहिले, वाचनाची खिडकी. पुठ्ठ्यात एका ओळीएवढी फट कापून ती पानावर सरकवत न्यायची, म्हणजे नजर खालच्या ओळीवर घसरत नाही. दुसरे, रंग. अक्षर काळे आणि स्वरचिन्ह लाल अशी सुटी कार्डे करून मुलाने ती स्वतः जुळवायची. तिसरे, आपल्या पणजोबांची धूळपाटी. ताटात बारीक वाळू पसरून, उच्चार करीत बोटाने अक्षर गिरवायचे. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात, हे तत्त्व आजचे विशेष शिक्षणही मान्य करते.

तपासणीसाठी हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'दाली' हा संच तयार केला असून तो मराठीतही आहे. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी या वर्गांसाठी शिक्षकाला वापरता येणारे स्वतंत्र भाग त्यात आहेत. येथे सावधगिरी हवी. औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या परप्रांतीय कुटुंबातील मुलाला मराठी वाचता येत नाही, याचे कारण घरची भाषा हेही असू शकते. अध्ययन अक्षमतेचा शिक्का तज्ज्ञांच्या तपासणीविना मारू नये. प्रमाणपत्र मिळाल्यावर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लक्षणीय अपंगत्व असलेल्या उमेदवाराला लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे भरपाईचा वेळ देय ठरवला होता. पण लेखनिकाला उत्तर सांगणे हेही शिकावे लागणारे कौशल्य आहे. त्याचा सराव दहावीच्या फेब्रुवारीत नव्हे, सातवी-आठवीत सुरू व्हायला हवा.

आधी बैठक, मग लेखन

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या हातात पेन्सिल देण्यापूर्वी ते नीट बसले आहे का, हे पाहावे. पाय टेकलेले, पाठीला आधार आणि कोपर टेबलावर असेल, तर बोटे मोकळी होतात. तोल सांभाळण्यातच सगळी शक्ती गेली, तर लिहायला काही उरत नाही. बस्करपट्टीवर बसणाऱ्या वर्गात भिंतीचा कोपरा आणि दोन उशा यांचाही आधार करता येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा स्पंज गुंडाळून पेन्सिल आणि चमचा जाड करावा. जाड फाइल आडवी ठेवली, की तिरका लेखनफलक तयार होतो. कागद सरकू नये म्हणून चिमटा लावावा. कारखान्यांतून फेकला जाणारा फोम आणि पन्हळी पुठ्ठा उत्तम कच्चा माल आहे. तो स्वच्छ आणि रसायनांपासून दूर राहिलेला आहे, याची खात्री मात्र करावी.

पैसा कोठून येतो, कोठे अडतो

'समग्र शिक्षा' योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता आहे. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेल संच यांसारखी साधने १९८१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या 'एडिप' योजनेतून मिळतात आणि त्यांतील अनेक कानपूरच्या 'ॲलिम्को' या सरकारी कंपनीत तयार होतात. यासाठी दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढून ठेवावे.

साधन मिळण्यापेक्षा ते चालू ठेवणे अवघड जाते. वाटपाच्या दिवशी छायाचित्र निघते. बॅटरी संपते, साचा वर्षाने लहान होतो, खुर्चीचे चाक पावसाळ्यात गंजते. बिडीकाम किंवा शेतमजुरी करणाऱ्या आईला दुरुस्तीसाठी नाशिकची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्यामुळे साधन देतानाच दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कोठे मिळणार आणि तोवर पर्याय काय, हे वहीत लिहून ठेवणे हा शिक्षकाच्या कामाचाच भाग मानायला हवा.

आणखी एक पथ्य. ॲप वापरताना मुलाचे छायाचित्र, नाव आणि अपंगत्वाची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय व्हॉट्सॲप गटांत जाऊ देऊ नये. मुलाची प्रगती अभिमानाची असली, तरी ती त्याची खासगी बाब आहे.

साधन निवडताना पाच प्रश्न

- विशेष शिक्षक नसताना मूल किंवा वर्गशिक्षक ते वापरू शकतील का?
- वीज, इंटरनेट किंवा फोन नसेल, तर त्याचा कागदी पर्याय तयार आहे का?
- तेच साधन घरीही वापरता येईल का? घरच्यांना ते कोणी दाखवले आहे का?
- मोडले, संपले किंवा लहान झाले, तर पुढे काय?
- मुलाला ते सर्वांसमोर वापरताना संकोच वाटतो का? वाटत असेल, तर वर्गातील इतर मुलांनाही ते हाताळू द्यावे.

या प्रश्नांची उत्तरे महागडा संच आणि पुठ्ठ्याची पट्टी या दोघांनाही सारखीच द्यावी लागतात. काही मुलांना ब्रेल यंत्र, एफएम यंत्रणा किंवा बोलणारा टॅबच हवा असतो आणि तो मिळणे हा त्यांचा हक्क आहे. स्वस्त साधनांचे कौतुक हे शासनाच्या जबाबदारीला पर्याय ठरू नये. परंतु यंत्र येईपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. इयत्ता पुढे सरकत राहते.

फिरतीवरच्या शिक्षकाची पिशवी सकाळी चित्रकार्डांनी, खिडक्यांच्या पुठ्ठ्यांनी, जाड केलेल्या पेन्सिलींनी भरलेली असते. संध्याकाळी ती हलकी होऊन परतली आणि तिच्यातल्या वस्तू दुसऱ्या दिवशी वर्गात वापरल्या गेल्या, तर त्या दिवसाचे काम झाले, असे म्हणता येईल.